म्हातारा ससा आणि केसांचा गोळा

"डॉक्टर, वय झालंय, म्हणून खात नसेल." सात-आठ वर्षांचा ससा आणणारे पालक हे हमखास म्हणतात. ही समजूत कुठून आली?

पुण्यात १८६२ साली लष्कराची पशुवैद्यकीय शाळा निघाली, १८८६ मध्ये मुंबईत महाविद्यालय. तेव्हाची ही विद्या मुख्यतः घोडे-बैलांची, म्हणजे कामाच्या जनावरांची. ससा त्यात कुठे बसणार? वेताळ टेकडीवरचा रानससा वेगळा. घरातला ससा मूळचा युरोपातला. तिथेही तो मांसासाठी, कातडीसाठी पाळत. म्हातारा होईपर्यंत त्याला ठेवतंय कोण! त्यामुळे त्याच्या उतारवयाचे आजार उशिरा कळले.

खाणं सोडलेल्या सशाच्या पोटात केसांचा गोळा सापडे. मग दोष त्यालाच, आणि उपाय अननसाचा रस किंवा शस्त्रक्रिया. पुढे लक्षात आलं, की केस निरोगी सशाच्या पोटातही असतात. आधी आतडी मंदावतात, मग पाणी आटून गोळा घट्ट होतो. मंदावण्यामागे बहुधा दुखणं असतं: जन्मभर वाढणाऱ्या दाढांची टोकं, सांधे, मूत्रपिंड. कधी आहारात गवतच कमी असतं.

म्हणून ससा दहा-बारा तास खात नसेल, लेंड्या बारीक किंवा बंद झाल्या असतील, तर उद्यावर ढकलू नका. लगेच पशुवैद्यांकडे न्या. पोट फुगलं असेल तर बळेच भरवू नका. वय हा आजार नाही. त्याच्याआड लपलेलं दुखणं शोधता येतं.