बिलियन म्हणजे नक्की किती?

दोन वर्षांपूर्वी मी एका जर्मन क्लायंटसाठी डॅशबोर्ड बनवत होतो. युरोपातल्या देशांचा जीडीपी, साधे बार चार्ट. जर्मनीचा आकडा जर्मन तक्त्यातून यायचा आणि त्या रकान्यावर लिहिलं होतं ‘बिलिओनेन’, म्हणजे बिलियनचं जर्मन अनेकवचन. मी कोडमध्ये नऊ शून्यं लावून मोकळा झालो. बिलियन म्हणजे अब्ज, त्यात बघायचंय काय? टेस्टही पास झाल्या. होणारच, त्याही मीच लिहिल्या होत्या.

डेमोच्या आदल्या दिवशी तिकडच्या सहकाऱ्याने कॉलवर विचारलं, “आमचा देश एवढा गरीब कधी झाला?”

स्क्रीनवर जर्मनीचा जीडीपी होता ४ अब्ज युरो. खरा आकडा ४ लाख कोटींच्या वर. थेट हजारपट चूक!

जर्मनमध्ये ‘बिलिओन’ म्हणजे १ वर १२ शून्यं. नऊ शून्यांसाठी त्यांचा वेगळा शब्द आहे, ‘मिलियार्डे’. स्पेलिंग मात्र इंग्रजी बिलियनचंच, अक्षर न् अक्षर तेच. मला वाटलं, जर्मनांनी उगाच गोंधळ घातलाय. शोधायला बसलो तेव्हा कळलं, जुना अर्थ त्यांच्याकडेच टिकलाय.

१४८४ मध्ये निकोला शुके या फ्रेंच गणितज्ञाने मोठ्या संख्यांची नावं लिहून ठेवली. ‘बि’ म्हणजे दोन. दशलक्षाला दशलक्षाने गुणलं की बिलियन, १२ शून्यं. तीनदा घेतलं की ट्रिलियन, १८ शून्यं. इंजिनिअरला आवडेल असं सरळ सूत्र.

पुढे १७व्या शतकात फ्रान्समध्येच काही जण आकड्यांचे सहा-सहाऐवजी तीन-तीनचे गट पाडू लागले आणि बिलियन नऊ शून्यांवर आला. हाच अर्थ अमेरिकेत रुजला. ब्रिटन आणि जर्मनी मात्र बारावरच राहिले.

खरी गंमत पुढे आहे. १९६१ मध्ये फ्रान्सने सरकारी आदेश काढून १२ शून्यांचा जुना अर्थ अधिकृत केला. आणि डिसेंबर १९७४ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी संसदेत लेखी उत्तर दिलं, की सरकारी बोलण्यात बिलियन म्हणजे हजार मिलियनच. १३ वर्षांत दोन शेजाऱ्यांनी जागांची अदलाबदल केली! त्यामुळे जुन्या ब्रिटिश पुस्तकात बिलियन दिसला, तर आधी प्रकाशनाचं वर्ष बघावं लागतं.

स्पेनमध्ये आजही १२ शून्यं. पोर्तुगीज तर एकच भाषा, पण पोर्तुगालचा बिलियन १२ शून्यांचा आणि ब्राझीलचा नऊ.

आपणही यातून सुटलेलो नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) अर्बुद म्हणजे १० कोटी. त्याच अर्बुदापासून आलेला हिंदीतला ‘अरब’ मात्र १०० कोटी, म्हणजे आपला अब्ज.

त्या दिवशी मी ‘मिलियार्डे’वर अडलो असतो, कारण तो शब्द मला माहीत नव्हता. डिक्शनरी उघडली असती, चूक टळली असती. बिलिओनेनवर अडलो नाही, कारण तो ओळखीचा वाटला. अनोळखी शब्द आपल्याला थांबवतात. ओळखीचा चेहरा घेऊन आलेल्या शब्दाला आपण ओळखपत्रही विचारत नाही.

रात्री साडेअकराला मी ती ओळ दुरुस्त केली. आता आमच्या कोडमध्ये बिलियन हा शब्दच नाही. आकडा येतो तो सगळ्या शून्यांसकट. दिसायला ओबडधोबड आहे, पण शून्यं मोजता येतात.