जुन्या घराची डागडुजी : चुन्याला सिमेंट मानवत नाही

बंगळुरूच्या दक्षिणेस होसूर मार्गावरील बोम्मसंद्रापर्यंत जाणाऱ्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे १० ऑगस्ट २०२५ रोजी उद्घाटन झाले. जागेचे मोल वाढले की जुने घर पाडावे की राखावे, हा पेच कुटुंबापुढे उभा राहतो. घर राखायचे ठरल्यास आधी त्याची बांधणी ओळखावी लागते.

शहरातील अनेक जुन्या घरांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. छत मंगळुरी कौलांचे किंवा 'मद्रास टेरेस' पद्धतीचे, म्हणजे लाकडी तुळयांवर चुन्यात उभ्या बसविलेल्या विटांचे असते. चुना ओल शोषतो, तशीच ती बाहेरही सोडतो. भेगांवर सिमेंटचा गिलावा चढविल्यास ओल आत कोंडते, पोपडे सुटतात, तुळयांची भिंतीतील टोके कुजतात. मग दुरुस्तीचीच दुरुस्ती करावी लागते. गिलावा चुन्याचाच हवा, मात्र ते काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो.

येथे वळवाच्या सरी एप्रिल-मे महिन्यांतच कोसळतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस पुन्हा जोर धरतो. त्यामुळे फुटकी कौले जूनची वाट न पाहता मार्चमध्येच बदललेली बरी. लाल ऑक्साइडच्या जमिनीला आम्ल लावू नये. ओले फडके आणि अधूनमधून खोबरेल तेलाचा हात पुरेसा होतो.