गुडघ्यावरून उठवलेली माणसं

परवा जवळच्या एका गावात जत्रेची बातमी करायला गेलो होतो. मंदिराच्या जीर्णोद्धाराची वर्गणी सगळ्या गावाने दिलेली. पावतीपुस्तकात प्रत्येक वस्तीची नावं आहेत. महाप्रसादाला मात्र एका वस्तीची पंगत शेवटी, आणि तीही बाजूला. विचारलं तर उत्तर आलं, "पत्रकारसाहेब, आमच्यात काही वाद नाही, उगाच लिहू नका." मी लिहिलं नाही. तेव्हापासून अमेरिकेतल्या एका चर्चचा इतिहास डोक्यात घोळतोय. पोस्ट मोठी आहे, पण वाचा.

फिलाडेल्फिया शहर. ॲब्सलम जोन्स हा 1746 साली गुलामीत जन्मलेला माणूस. मुलं आईच्या दर्जाने गुलाम ठरायची, म्हणून त्याने आधी बायकोचं स्वातंत्र्य विकत घेतलं. स्वतः मुक्त झाला तो 1784 साली. 1787 मध्ये त्याने आणि रिचर्ड ॲलन यांनी 'फ्री आफ्रिकन सोसायटी' काढली. महिन्याला एक शिलिंग वर्गणी, त्यातून विधवांना आणि अडल्यानडल्यांना मदत. आपल्याकडच्या बचतगटासारखंच म्हणा ना!

हे लोक सेंट जॉर्ज नावाच्या मेथडिस्ट चर्चमध्ये जायचे. चर्च वाढवायला त्यांनी पैसे दिले, अंगमेहनतही केली. ॲलन यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, की एका रविवारी प्रार्थना चालू असताना विश्वस्तांनी जोन्स यांना धरून गुडघ्यावरून उठवायला सुरुवात केली. कारण काय, तर ती जागा त्यांची नव्हती. प्रार्थना तरी संपू द्या, एवढंच जोन्स म्हणाले. तेही ऐकलं गेलं नाही. प्रार्थना संपली आणि सगळे काळे भाविक एकत्र उठून बाहेर पडले.

1793 मध्ये शहरात पीतज्वराची साथ आली. सुमारे 5000 माणसं गेली. काळ्यांना हा ताप येत नाही असा समज होता, तो खोटा ठरला. तरीही जोन्स आणि ॲलन यांनी माणसं उभी करून गोऱ्यांची शुश्रूषा केली, मढी पुरली. बक्षीस काय? काळ्या परिचारिकांनी जास्त पैसे उकळले, असा आरोप एका प्रकाशकाने छापला. मग दोघांनी 1794 मध्ये पुस्तिका काढून जमाखर्चच लोकांपुढे मांडला.

त्याच वर्षी जुलैत त्यांचं स्वतःचं चर्च उघडलं. बहुमताने ते एपिस्कोपल चर्चमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन परंपरेतल्या अमेरिकन चर्चमध्ये सामील झालं. त्यांची एक अट होती, आमचा कारभार आम्ही बघणार. नाव पडलं 'सेंट थॉमस'. ॲलन मेथडिस्टच राहिले, त्यांनी वेगळं चर्च काढलं. जोन्स पुढे एपिस्कोपल चर्चचे पहिले काळे धर्मगुरू झाले. बाहेरून गुलाम आणण्याचा व्यापार 1808 च्या 1 जानेवारीपासून कायद्याने बंद झाला, त्या दिवशी आभाराचं प्रवचन त्यांनी याच चर्चमध्ये दिलं.

पण गोष्ट इथे गोड होत नाही. आत घेतलं, तरी प्रांताच्या धर्मपरिषदेत या चर्चला प्रतिनिधी पाठवायचा हक्क नव्हता. तो मिळायला 1860 चं दशक उजाडलं. म्हणजे दार उघडलं, बैठकीत जागा नाही! हे आपल्याला ओळखीचं वाटतं की नाही?

जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. तिकडचं दुःख इकडचंच आहे, हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

सेंट थॉमस चर्च आजही चालू आहे. आणि मला त्या गावातलं वाक्य आठवतंय, "आमच्यात काही वाद नाही." सेंट जॉर्जच्या विश्वस्तांनाही त्या रविवारच्या सकाळपर्यंत तसंच वाटत असणार. वर्गणी सगळ्यांची असेल, तर पंगतही एकच हवी. जत्रेच्या दिवशी हे लिहायला हवं होतं, आज लिहितोय. तुमच्या गावात पंगत कशी बसते? खरं सांगा.