पक्षिभ्रूणाच्या हालचाली

अंड्यातील पक्षिभ्रूण बाहेर येण्याच्या बराच आधी मान, पाय व पंख हलवू लागतो. या हालचालींत मेळ कसा येतो, याचा सर्वांत तपशीलवार अभ्यास कोंबडीच्या भ्रूणावर झाला आहे. कोंबडीचे अंडे बारमाही मिळते, उबवण २१ दिवसांत पुरी होते आणि कवचाला खिडकी पाडून जिवंत भ्रूण पाहता येतो.

साडेतीन-चार दिवसांच्या भ्रूणाची मान प्रथम एका बाजूस किंचित वळते. पुढे ही हालचाल धडातून शेपटीकडे पसरते. पाय व पंख सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास हलू लागतात आणि क्रमाने धडापासून स्वतंत्र होतात. हालचालींचे प्रमाण वाढत जाऊन तेराव्या दिवसाच्या आसपास ते शिगेला पोहोचते आणि नंतर घटते. भ्रूण काही वेळ हलतो, मग स्वस्थ राहतो, पुन्हा हलतो. भोवतालच्या गर्भवेष्टनाचे स्नायूही आकुंचन पावून त्याला झुलवतात. त्यामुळे भ्रूण स्वतः किती हलला हे नुसत्या नजरेने ठरवताना चूक होऊ शकते.

ही चळवळ बाहेरच्या स्पर्शाला दिलेले उत्तर नव्हे, हे जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक विल्हेल्म प्रायर यांनी १८८५ च्या ग्रंथात दाखवले होते. चौथ्या दिवशी हलणारा भ्रूण स्पर्शाला प्रतिसाद देतो तो त्यानंतर काही दिवसांनी. चिनी मानसशास्त्रज्ञ झिंग-यांग कुओ यांनी १९३० च्या दशकात वेगळे मत मांडले. हृदयाच्या ठोक्यांनी डोके हलते, त्यातून भ्रूणाला एक प्रकारचे शिक्षण मिळते आणि चोच मारण्यासारखी वर्तने घडतात, असे ते म्हणत. कुओ यांचे निरीक्षण बारीक होते. निष्कर्ष मात्र टिकला नाही. सेंट लुइस येथील व्हिक्टर हॅम्बर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये मेरुरज्जूचा पायांकडील भाग मेंदूपासून तोडला आणि पायांकडून येणारा संवेदनांचा मार्गही काढून टाकला. तरीही उबवणीच्या पंधराव्या दिवसापर्यंत पाय जवळजवळ नेहमीसारखेच हलत राहिले. हालचालीची प्रेरणा मेरुरज्जूतच निर्माण होते, हे त्यातून दिसले.

एक प्रश्न मात्र उरला होता. हॅम्बर्गर यांना या सुरुवातीच्या हालचाली झटक्यांच्या व असंबद्ध वाटल्या. उजवा पाय, डावा पंख आणि चोच यांचा एकमेकांशी संबंध दिसेना. डोळ्यांना दिसणारा हा गोंधळ स्नायूंत नव्हता. अ‍ॅन बेकॉफ, पॉल स्टाइन व हॅम्बर्गर यांनी १९७५ मध्ये सात दिवसांच्या भ्रूणाच्या पायातील स्नायूंची विद्युत्‌क्रिया नोंदवली. घोटा मुडपणारा स्नायू आणि तो ताणणारा स्नायू आळीपाळीने काम करत होते. म्हणजे एका सांध्यापुरता मेळ फार लवकर बसतो. सांध्यासांध्यांत व अवयवांमध्ये तो पुढे वाढत जातो. रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी १९८० मध्ये अवयवांच्या हालचाली एकाच वेळी होण्याचे प्रमाण वाढत जाते, असे नोंदवले.

पंख एकदम फडफडतात आणि पाय आळीपाळीने पडतात. हा फरक मेरुरज्जूच्या संबंधित भागातच ठरतो. १९७१ मध्ये सी. एच. नारायणन व हॅम्बर्गर यांनी भ्रूणात पायांकडील मेरुखंडाच्या जागी पंखांकडील मेरुखंड बसवला, तेव्हा दोन्ही पाय पंखांप्रमाणे एकदम हलू लागले. या विषयातला इतका निर्णायक प्रयोग दुसरा सांगणे कठीण आहे.

हालचाल केवळ सराव नसते. ती शरीर घडवतेही. डॅनिएल ड्राखमन व आल्फ्रेड कूलोम्ब्र यांनी १९६२ मध्ये कुरारे या द्रव्याने भ्रूणाच्या स्नायूंना काही काळ लुळे ठेवले, तेव्हा सांधे आखडले व पाऊल वाकडे झाले. मानवी अर्भकांतील जन्मजात वाकड्या पावलाच्या विचारात हा प्रयोग महत्त्वाचा ठरला. स्नायूंना असे लुळे ठेवल्यास एरवी मरणाऱ्या अनेक प्रेरक चेतापेशी जगतात, असेही पुढे आढळले.

सतराव्या दिवसापासून चित्र बदलते. झटक्यांऐवजी सलग, डौलदार हालचाली दिसू लागतात. पिल्लू डोके उजव्या पंखाखाली घेते, चोच अंड्याच्या हवेच्या पोकळीकडे वळवते, एकोणिसाव्या दिवसाच्या सुमारास त्या पोकळीत शिरते आणि पुढे चोचीवरच्या अंडदाताने कवच फोडते. कवचाचा वर्तुळाकार काप घेताना ते दोन्ही पायांनी एकदम रेटा देते. चालताना मात्र पाय आळीपाळीने टाकते. पाय तेच, स्नायू तेच, क्रम वेगळा. मान दुमडलेली राहणे हा या रेट्याचा संकेत असतो. बेकॉफ व ज्युली कॉअर यांनी उबून बाहेर पडलेली, चालती-फिरती पिल्ले काचेच्या अंड्यात दुमडून ठेवली, तेव्हा ती पुन्हा कवच फोडण्याच्या हालचाली करू लागली. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, जन्मानंतर निरुपयोगी ठरणारी ही यंत्रणा नष्ट होत नाही.