अल्यूशन बेटांतील चर्मनौका : शिकारीचे साधन की मासेमारीचे?

अलास्काच्या नैऋत्य टोकापासून कामचाटकाच्या दिशेने सुमारे अठराशे किलोमीटरपर्यंत अल्यूशन बेटांची रांग पसरलेली आहे. तिच्या दक्षिणेस पॅसिफिक महासागर व उत्तरेस बेरिंग समुद्र. भरती-ओहोटीच्या वेळी या दोन समुद्रांचे पाणी बेटांमधील अरुंद खिंडींतून इतक्या वेगाने धावते की वारा पडलेला असतानाही तेथे लाटा उसळत असतात. धुके नित्याचे; डोंगरावरून एकाएकी कोसळणारे वारेही नित्याचेच. बेटांवर झाडे नाहीत. अशा ठिकाणी उनांगन लोकांनी, ज्यांना रशियनांनी अल्यूट हे नाव दिले त्यांनी, वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा व त्यावर समुद्रसिंहाचे कातडे एवढ्याच सामग्रीतून जी नौका सिद्ध केली, तिचा परिचय इतिहासग्रंथांतून बहुधा एकाच नात्याने होतो : समुद्री पाणमांजराच्या शिकारीचे साधन म्हणून. हे चित्र खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे, आणि त्याचे अपुरेपण त्याच्या आधारग्रंथांतच दडलेले आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम शब्दाचा विचार करू. एकट्या माणसाच्या नौकेस उनांगन भाषेत ‘इक्याख’ म्हणतात, दोघांच्या नौकेस ‘उलुख्ताख’. ग्रीनलंडमध्ये तिच्याच जातीच्या नौकेचे नाव ‘कयाक’. हाच शब्द डॅनिश भाषेतून इंग्रजीत व पुढे जगभर गेला. ‘इक्याख’ मधील अंत्य ‘ख’ हा एकवचनाचा प्रत्यय असून ‘कयाक’ मधील अंत्य ‘क’ त्याच्याशी जुळतो. दोन्ही शब्द एकाच मुळातले मानले जातात. या दोन भाषाशाखांचे नाते रास्मुस रास्क या डॅनिश पंडिताने प्रथम दाखविले. १८१८-१९ मधील सेंट पीटर्सबर्गच्या मुक्कामात त्याला अल्यूट माणसे भेटली, आणि त्यांच्या तोंडची भाषा त्याने ग्रीनलंडच्या भाषेशी ताडून पाहिली. हाच रास्क पुढे इराणमार्गे १८२० साली मुंबईस आला व पारशी पंडितांकडे अवेस्ताच्या अभ्यासास लागला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी ध्यानात घेत नाही. असो. या शाखा एकमेकींपासून सुमारे चार हजार वर्षांपूर्वी विभक्त झाल्या असाव्यात असे अभ्यासक मानतात. तेव्हा नौका व तिचे नाव निदान तितके जुने ठरते.

याउलट कागदपत्रांत सर्वत्र आढळणारा ‘बैदार्का’ हा शब्द रशियन आहे. मोठ्या चर्मनौकेस रशियन लोक ‘बैदारा’ म्हणत. त्याचेच हे लघुत्वदर्शक रूप. हा शब्द ज्या कागदांत येतो ते कागद कोणाचे, हे पाहिले म्हणजे आमच्या म्हणण्याचा रोख कळेल. १७४१ साली बेरिंगची मोहीम या बेटांपाशी आली. तिच्यातून परतलेल्यांनी पाणमांजराची कातडी नेली आणि त्यांच्या मागोमाग व्यापारी आले. १७९९ मध्ये रशियन-अमेरिकन कंपनीस सनद मिळाली. १८२१ च्या दुसऱ्या सनदेने अठरा ते पन्नास वर्षे वयाच्या पुरुषांपैकी निम्म्यांपर्यंत कंपनीच्या कामास लावण्याची मुभा दिली. शेकडो नौकांचे तांडे सिट्कापर्यंत, आणि १८१२ नंतर कॅलिफोर्नियातील रॉस किल्ल्यापर्यंतही गेले. कंपनीच्या खतावण्यांत कातडी मोजली आहेत. मासे मोजण्याचे कंपनीस कारण नव्हते.

मासे ज्याने पाहिले अशा एका साक्षीदाराकडे वळू. कॅप्टन कुक १७७८ मध्ये उनालास्का बेटावर दोनदा थांबला. तेथील एका प्रमुखास नुकत्याच पकडलेल्या मोठ्या हॅलिबटचे डोके कच्चेच खाताना त्याने पाहिले, आणि २५४ पौंड, म्हणजे सुमारे ११५ किलोग्रॅम, वजनाच्या एका हॅलिबटची त्याने नोंद केली. हॅलिबट हा चपटा, समुद्राच्या तळाशी राहणारा मासा. उनांगन भाषेत ‘चागिख’. त्याच्यासाठी लाकूड व हाड जोडून केलेला गळ, केल्प नावाच्या समुद्रवनस्पतीचे लांब देठ वाळवून व ताणून केलेली दोर, आणि बुडण्यासाठी दगड, एवढे साहित्य लागे. साहित्य साधे, काम मात्र साधे नव्हे. आपल्याहून जड मासा गळाला लागला असता अरुंद नौकेत बसलेल्या माणसाने करावे काय? तो धडपडत वर आल्यास कातडे फाटावयाचे किंवा नौका उलटावयाची, आणि त्या थंड पाण्यात पडलेला माणूस फार काळ टिकत नाही. म्हणून मासा पृष्ठभागावर येताच सोट्याने त्याच्या डोक्यावर घाव घालून त्याला निश्चेष्ट करीत. वादळात सापडल्यास अनेक नौका शेजारी-शेजारी बांधून तराफ्यासारख्या एकत्र धरीत.

नौकेची घडणही याच दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तिचा तळकणा अखंड नसून तीन तुकड्यांचा असे. इव्हान व्हेनिअमिनॉव्ह हा धर्मोपदेशक १८२४ ते १८३४ अशी दहा वर्षे उनालास्कास होता आणि स्वतः अशा नौकांतून बेटोबेटी हिंडला. जुन्या नौकांच्या सांध्यांत हाडाचे तुकडे बसवीत, त्यामुळे नौका लाटेबरोबर वाके, असे त्याने लिहिले आहे. ताठ नौका लाटेशी झगडते. ही तिच्याशी जुळवून घेई.

भाषेची साक्ष येथे पुन्हा उपयोगी पडते. शेजारच्या युपिक भाषेत ‘नेका’ या एकाच शब्दाचा अर्थ मासा आणि अन्न असा दोन्ही होतो; त्याचाच सजातीय शब्द दूर ग्रीनलंडमध्ये मांस या अर्थी येतो. कोणत्या किनाऱ्यावर पोट कशावर भरत असे, हे शब्दाने जपून ठेवले आहे. तथापि भाषेच्या साक्षीने पूर्वकाळ सुखाचा होता असे ठरवू पाहणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. व्हेनिअमिनॉव्हने उनांगन महिन्यांची नावे नोंदविली आहेत. त्यांत मार्चच्या सुमारास येणाऱ्या महिन्याच्या नावाचा अर्थ ‘वाद्या चावण्याचा काळ’ असा आहे. साठविलेले अन्न संपले म्हणजे चामड्याच्या वाद्या चघळावयाच्या. हिवाळ्याअखेरची ही उपासमार कंपनीने आणलेली नव्हे. कंपनीने केले ते असे की उन्हाळ्यात, म्हणजे मासे धरून वाळविण्याच्या ऐन हंगामात, धडधाकट पुरुष व त्यांच्या नौका दूर नेल्या. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना, बायकांना व मुलांना किनाऱ्यावरच्या शिंपल्यांवर व मुळ्यांवर भागवावे लागले. रशियनांपूर्वी बारा ते पंधरा हजार असावी असा जिचा अंदाज केला जातो ती लोकसंख्या व्हेनिअमिनॉव्हचा ग्रंथ निघाला त्या सुमारास, १८४० मध्ये, दोन हजारांच्या आसपास उरली होती. तिच्या ऱ्हासात रोगराई व हत्याकांडे यांचा वाटा उघड आहे. परंतु न धरलेल्या माशांचाही वाटा आहे, आणि तो कोणत्याही खतावणीत सापडावयाचा नाही.

१८६७ साली अलास्का अमेरिकेकडे गेले, १९११ च्या करारान्वये पाणमांजराची शिकार थांबली, आणि लाकडी होड्यांच्या प्रसाराबरोबर चर्मनौका मागे पडली. आज ती मुख्यत्वे संग्रहालयांत पाहावयास मिळते. अलीकडे उनांगन तरुण ती पुन्हा बांधू लागले आहेत. मासेमारीचे शब्द तिच्याहून अधिक काळ टिकले. योखेल्सन यांनी १९०९-१० मध्ये फोनोग्राफच्या नळ्यांवर उतरविलेल्या कथा व पुढे क्नूट बेर्गस्लांड यांचा १९९४ चा कोश हे त्यांचे मोठे भांडार होय. पश्चिम टोकाच्या अट्टू बेटाबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. १९४२ मध्ये जपानी सैन्याने तेथील मूठभर रहिवाशांस ओतारू येथे नेले. त्यांतील बरेचसे तेथेच मरण पावले, आणि उरलेल्यांना युद्धानंतर आपल्या बेटावर परत जाऊ दिले गेले नाही. त्यांची बोली आज कोणी बोलत नाही.