लूसी विल्स आणि मुंबईच्या गरोदर स्त्रिया

गरोदरपणी काही बायका पांढऱ्याफटक पडतात, चार पावले चालल्या की त्यांना धाप लागते, हे आपल्या आयाआज्यांना ठाऊक होते. परंतु यांपैकी एका जीवघेण्या रक्तक्षयाचा उलगडा मुंबईत सुरू झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारच थोड्यांच्या कानांवर असते. तीच हकिकत आम्ही येथे सांगणार आहोत.

१९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईस येऊन हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. या रक्तक्षयात रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत, पण आकाराने मोठ्या होत. अशाच मोठ्या पेशींच्या दुसऱ्या एका रोगावर यकृत खाऊ घातल्याने गुण येतो, असे अमेरिकेत मायनॉट व मर्फी यांनी १९२६ साली दाखवून दिले होते. मुंबईचा रोग तोच की निराळा, हा प्रश्न होता.

विल्सबाईंनी केवळ रक्त तपासले नाही. बायका खातात काय, हेही विचारले. एस. एन. तळपदे यांच्यासमवेत त्यांनी मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली आणि ती १९३० साली प्रसिद्ध झाली. रोग विशेषेकरून गरीब मुसलमान स्त्रियांत आढळे. पण त्याचे कारण धर्मात नव्हते, ताटात होते. त्या ताटात भाजीपाला, फळे आणि कसदार अन्न यांची वाण होती.

मग तसाच आहार उंदरांना देऊन पाहिला. त्यांनाही रक्तक्षय झाला, आणि यीस्ट दिल्यावर तो टळला. पुढे कळले की उवांमुळे त्या उंदरांना एक संसर्गही झालेला असावा. तेव्हा तो पुरावा निर्भेळ राहिला नाही. म्हणून माकडांवर प्रयोग झाले, आणि अपुऱ्या आहाराने त्यांच्या रक्तात तसाच बिघाड दिसून आला. शास्त्राची खरी कसोटी ही अशी असते.

रोगी स्त्रियांना मार्माइट हा यीस्टचा अर्क देताच गुण दिसू लागला. इंग्लंडात पावाला लावून खाण्याचा हा स्वस्त पदार्थ! १९३१ साली विल्सबाईंनी हे निष्कर्ष 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडले. पुढे असेही दिसले की, शुद्ध केलेला यकृताचा अर्क या रोगाला लागू पडत नाही, कच्चे यकृत मात्र पडते. म्हणजे या द्रव्याची जात निराळीच होती. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून असे एक द्रव्य वेगळे काढण्यात आले. लॅटिनमधील पानाच्या शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळाले. १९४५ साली ते लेडर्ली प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार झाले. तेथील संशोधनाची धुरा आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. गर्भ राहण्यापूर्वीपासून ते घेतल्यास, आधीचे मूल मज्जारज्जूच्या व्यंगाचे झालेल्या मातेच्या पुढच्या बाळास तो धोका सुमारे तीन-चतुर्थांशाने घटतो, हे १९९१ साली ब्रिटनच्या संशोधनाने सिद्ध केले.

विल्सबाई १९६४ साली वारल्या. भारतात गरोदर स्त्रियांना लोह व फोलिक ॲसिडच्या गोळ्या देण्याची सरकारी योजना १९७० पासून आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यात लोहाचा अभाव हे एक मोठे कारण आहे. पण दोन्ही अभावांची वाट एकाच स्वयंपाकघरातून जाते. पालेभाज्यांत व डाळींत फोलिक ॲसिडच्या जातीचे द्रव्य असते, आणि फार वेळ उकळल्याने ते बरेचसे नष्ट होते.

गोळी अवश्य घ्यावी. पण ज्या घरात सून सर्वांच्या मागून जेवते आणि पातेल्याच्या तळाशी उरेल त्यावर भागवते, तेथे गोळीने सारे साधणार नाही. मुंबईत जो प्रश्न विल्सबाईंनी विचारला, तो आपण आपल्या घरी विचारला पाहिजे: हिच्या ताटात आज काय पडले?