नागपूरकरांची यादवी

मुंबईहून नागपूरला जाणारी गाडी पुलगावपाशी वर्धा नदी ओलांडते, तेव्हा वऱ्हाड मागे राहते. आजचा वर्धा जिल्हा अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत होता. भावाने भावाला रणांगणात मारावे, असा प्रसंग या राज्यावर का आला?

पहिले रघूजी १७५५ मध्ये वारले. मागे चार पुत्र : जानोजी, मुधोजी, साबाजी आणि बिंबाजी. जानोजी वयाने वडील. मुधोजी थोरल्या राणीचे. गादी वयाची की मातेच्या मानाची, याचा निर्विवाद नियम नव्हता. सेनासाहेबसुभा हे पद छत्रपतींचे; पण शाहू महाराजांनंतर त्याची वस्त्रे देणे पेशव्यांच्या हाती आले होते आणि त्यासाठी नजराणा भरावा लागे. अखेर जानोजी गादीवर बसले, मुधोजींना चांदा मिळाला. तंटा मिटला नाही; नुसता लांबणीवर पडला.

जानोजींना पुत्र नव्हता. मुधोजींचा मुलगा रघूजी याला दत्तक घेण्याचे त्यांनी ठरविले. पण १७७२ मध्ये ते निवर्तले. त्याच वर्षी थोरले माधवरावही गेले. न्याय करू शकेल असा पुरुष पुण्यातही उरला नाही. साबाजींनी गादीवर हक्क सांगितला. पुढच्या वर्षी नारायणरावांचा खून झाला आणि पुण्यातच राघोबादादा व बारभाई असे दोन पक्ष पडले. बारभाईंनी साबाजींना उचलून धरले, दादांनी मुधोजींना. घरातल्या भांडणाला दरबारातल्या भांडणाचे इंधन मिळाले.

२६ जानेवारी १७७५ रोजी पाचगावच्या लढाईत साबाजी मुधोजींच्या हातून ठार झाले. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच राघोबादादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला. परका मनुष्य मराठ्यांच्या घरात शिरला, तो घरच्याच माणसाने दार उघडून दिल्यामुळे.

याच रघूजींना १८०३ मध्ये, देवगावच्या तहाने, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. पुढे १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. इंग्रजांनी दत्तक नाकारून राज्य खालसा केले.

भावांचे वैर हे यादवीचे कारण म्हणून सांगणे सोपे आहे. पण वैर कोणत्या घरात नसते? वारशाचा नियम सर्वांना मान्य नसला आणि निवाडा करणाराच एका पक्षाचा झाला, म्हणजे त्या वैराच्या हातात तलवार येते. पाचगावचे रणांगण वीस वर्षांपूर्वीच नांगरून ठेवले होते, असे म्हणता येणार नाही; पण रघूजींच्या मृत्यूनंतरची वीस वर्षे त्याची मशागत चालू होती, हे मात्र खरे.